जुळणी

'जुळणे' हे क्रियापद मराठीत मोठ्या विश्वासाने वापरले जाते. मने जुळतात, सूर जुळतात, पत्रिका जुळतात, यमक जुळते. आणि जुन्या छापखान्यांत खिळे जुळवले जात. या साऱ्या प्रयोगांत एक गोष्ट समान आहे. जुळणाऱ्या वस्तू आधीच अस्तित्वात असतात, स्वतंत्र असतात, आणि त्यांचे खरे मोल त्या एकमेकींच्या शेजारी आल्यावरच ठरते. तयार वस्तू विकत घेणाऱ्याला निवड एकदाच करावी लागते. वस्तू जुळवणाऱ्याच्या मात्र प्रत्येक निवडीला पुढच्या निवडीपुढे जाब द्यावा लागतो. साहित्याच्या अभ्यासकाला हा अनुभव नवा नाही. एखादा शब्द स्वतंत्रपणे कितीही देखणा असला तरी ओळीत तो बसतो की नाही, हा प्रश्न उरतोच. आजच्या काळात हाच प्रश्न अगदी निराळ्या ठिकाणी, निराळ्या वयाची माणसे एकमेकांना विचारताना आढळतात. खेळांसाठी स्वतःचा संगणक सुट्या भागांतून उभा करणारे तरुण ही ती माणसे होत.

चेन्नईत या तरुणांची पावले रिची स्ट्रीटकडे वळतात. अण्णा सालै, म्हणजे पूर्वीचा माउंट रोड, या राजमार्गाला लागूनच हा बाजार पसरलेला आहे. १८४४ साली सुरू झालेले हिगिनबॉथम्स हे पुस्तकांचे दालन त्याच राजमार्गावर, फार दूर नाही. रिची स्ट्रीट, नरसिंगपुरम स्ट्रीट आणि भोवतालच्या गल्ल्या मिळून इलेक्ट्रॉनिक वस्तूंची एक दाट वसाहत झाली आहे. वायरींची भेंडोळी, ध्वनिक्षेपक, कॅमेरे, दुरुस्तीची टेबले, मोबाइलचे काचपडदे आणि त्यांच्यामधून वाट काढणाऱ्या दुचाक्या, असे तिचे रूप. शेजारची चिंताद्रिपेट वस्ती १७३४ च्या सुमारास गव्हर्नर मॉर्टन पिट याच्या काळात कूवम नदीच्या वळणावर विणकरांसाठी वसवण्यात आली. 'चिन्न तरी पेट्टै', म्हणजे लहान मागांची पेठ, असा तिच्या नावाचा अर्थ सांगतात. जिथे एकेकाळी उभे-आडवे धागे जुळवून कापड होत असे, त्याच परिसरात आज सुटे भाग जुळवून यंत्रे होतात. हा योगायोगच; पण पेठांना स्वतःची स्मृती असते असे वाटायला लावणारा योगायोग.

मराठी माणसाला या शहरात आणखी एक धागा सापडतो. तंजावरच्या भोसल्यांच्या दरबारात, दुसऱ्या सरफोजीराजांच्या काळात, देवनागरी खिळ्यांचा छापखाना चालत होता. इसापच्या नीतिकथांचे मराठी रूप 'बालबोध मुक्तावली' या नावाने तिथे १८०६ मध्ये छापले गेले. मराठी मुद्रणाच्या आरंभीच्या खुणांपैकी एक अशी तमिळ भूमीवर आहे. खिळ्याच्या छपाईचे सारे सामर्थ्य तो खिळा सुटा असण्यात होते. एक पान छापून झाले की जुळवलेला मजकूर सोडावा, खिळे आपापल्या खणांत परत टाकावेत, आणि त्यांतूनच उद्याचे पान उभे करावे. झिजला तो खिळा बदलावा, बाकीच्यांना धक्का लावू नये. ही पद्धत चालायची तर एकच अट होती: सर्व खिळ्यांची उंची सारखी हवी. मापाचा हा करार पाळला गेला म्हणजे खिळे कोणी ओतले हा प्रश्न गौण ठरतो.

घरगुती संगणकाची कथाही मापाच्या करारापासूनच सुरू होते. ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला तेव्हा त्यात अधिकचे भाग बसवण्यासाठी पाच खाचा ठेवल्या आणि यंत्राची तांत्रिक माहितीही छापून प्रसिद्ध केली. परिणामी इतर कारखान्यांना त्या खाचांत बसणारे भाग आणि पुढे तसेच संगणक बनवता आले. १९९५ साली इंटेलने 'एटीएक्स' हे माप ठरवून दिले. मदरबोर्डचा आकार, त्याच्या स्क्रूंच्या जागा आणि वीज पुरवणाऱ्या डब्याचे रूप त्यात निश्चित झाले. त्या मापाचा मूळ सांगाडा आजही टिकून आहे. तैवानचा बोर्ड, कोरियाची रॅम आणि कुठल्या तरी तिसऱ्या देशात घडलेले कॅबिनेट चेन्नईतल्या एका टेबलावर प्रथमच भेटतात आणि जुनी ओळख असल्यासारखे एकमेकांत बसतात, त्यामागे हा करार आहे.

आता महाराष्ट्रातून नोकरीसाठी चेन्नईत आलेला एक तरुण कल्पावा. जुन्या महाबलीपुरम रस्त्यावरच्या एखाद्या संगणक कंपनीत तो काम करतो, दोन मित्रांसह भाड्याच्या घरात राहतो, आणि वर्षभर बाजूला टाकलेले ऐंशी हजार रुपये त्याच्यापाशी आहेत. ही रक्कम लहान नाही. पण खेळांच्या यंत्रांच्या जगात ती मधल्या पायरीवरची आहे. गावाकडे वडिलांना हे कळल्यावर त्यांचा पहिला प्रश्न साधा असतो : "खेळण्यासाठी एवढे पैसे?" या प्रश्नात हेटाळणीपेक्षा काळजी अधिक असते. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे ज्या पिढीने आयुष्यभर आचरले, तिला खर्चाचे कारण समजून घ्यायचे असते. मुलगा जे उत्तर देतो ते मात्र सहसा चुकीचे असते. तो यंत्राच्या वेगाचे आकडे सांगू लागतो. वास्तविक ऐंशी हजारांत यंत्र बसवण्याचा सारा खटाटोप हा अंथरूण पाहण्याचाच एक अभ्यास आहे, हे त्याला स्वतःलाच अजून उमगलेले नसते.

कारण अशा जुळणीत सर्वोत्तम भागांची बेरीज उपयोगी पडत नाही. अकराव्या शतकात काश्मीरच्या क्षेमेंद्राने औचित्य हा काव्याचा प्राण मानला. अलंकार योग्य जागी असला तरच अलंकार, अन्यथा ओझे, असा त्याच्या विचाराचा आशय आहे. मधल्या अंदाजपत्रकाच्या संगणकाला याहून नेमके शास्त्र सापडणे कठीण. अतिशय वेगवान प्रोसेसरला दुबळे ग्राफिक्स कार्ड जोडले तर दात आहेत पण चणे नाहीत अशी गत होते. आणि भारी कार्डाला जुना, मंद प्रोसेसर दिला तर चणे आहेत पण दात नाहीत. दोन्ही वेळा पैसे पूर्ण लागतात आणि चव अर्धीच मिळते.

म्हणून जाणता खरेदीदार पडद्यापासून आरंभ करतो. पडद्यावरच्या चित्रात किती बिंदू असणार यावर कार्डाला किती श्रम पडणार हे ठरते. १९२० गुणिले १०८० बिंदूंच्या पडद्यावर सुमारे वीस लाख सत्तर हजार बिंदू असतात. २५६० गुणिले १४४० च्या पडद्यावर ते सुमारे सदतीस लाख होतात, म्हणजे जवळजवळ पावणेदोनपट. दर सेकंदाला साठ किंवा त्याहून अधिक वेळा एवढे बिंदू रंगवायचे तर कार्ड त्या ताकदीचे हवे. पडदा आधी ठरला की कार्डावरचा खर्च आपोआप मर्यादेत येतो. खेळांच्या यंत्रात एकूण रकमेतले शंभराला पस्तीस ते चाळीस रुपये कार्डाकडे जाणे वावगे नाही. त्याच्या निम्म्यापर्यंत प्रोसेसर घेतो. सहा कोअरचा बऱ्यापैकी प्रोसेसर आज बहुतेक खेळांना पुरतो.

इथपर्यंतचे गणित आजच्यासाठी झाले. 'पुढे वाढवता येईल असा' हे विशेषण जोडले की उद्या नावाचा एक अदृश्य गिऱ्हाईक दुकानात शिरतो, आणि विचाराची दिशा बदलते. आता प्रत्येक भागाला दोन प्रश्न विचारावे लागतात. हा भाग नंतर बदलता येईल काय? आणि हा बदलायचा झाल्यास त्याच्याबरोबर आणखी काय काय बदलावे लागेल? जो भाग एकटा, सुखाने बदलता येतो, त्यात आज काटकसर करावी. ज्याच्या मुळाशी बाकीचे सारे गुंतलेले आहे, त्यात करू नये. घर बांधणारा माणूस रंग पुढच्या दिवाळीला देऊ म्हणतो, पाया पुढच्या दिवाळीला घालू म्हणत नाही.

या दृष्टीने पाहता मदरबोर्ड हा पाया आहे, आणि त्यावरचे प्रोसेसर बसवण्याचे सॉकेट ही त्याची कोनशिला. एएमडी कंपनीचे 'एएम ४' नावाचे सॉकेट याचे उत्तम उदाहरण आहे. रायझन मालिकेचे पहिले प्रोसेसर २०१७ मध्ये त्यावर आले. त्या वेळी घेतलेल्या अनेक बोर्डांवर, केवळ बायोस ही मूळ आज्ञावली अद्ययावत करून, २०२२ साली निघालेला कितीतरी वेगवान प्रोसेसर बसवता आला. पाच वर्षांत खालचे घर तेच राहिले आणि रहिवासी बदलला. २०२२ मध्ये आलेल्या 'एएम ५' सॉकेटलाही २०२७ पर्यंत व त्यापुढे आधार देण्याचे कंपनीने जाहीर केले आहे. इंटेलची सॉकेटे तुलनेने लवकर बदलत आली आहेत, त्यामुळे तिथे प्रोसेसरबरोबर बोर्डही बदलण्याची वेळ अधिक येते. याचा अर्थ एक कंपनी सज्जन आणि दुसरी दुर्जन असा नव्हे. आज दिलेल्या पैशांत उद्याची किती वर्षे सामावली आहेत हे विचारून घ्यावे, एवढाच याचा अर्थ.

रॅमच्या बाबतीत करार अधिक कडक आहे. डीडीआर ४ आणि डीडीआर ५ या दोन पिढ्यांच्या पट्ट्यांवरची खाच वेगवेगळ्या जागी असते, त्यामुळे एकीच्या जागी दुसरी बसतच नाही. एका पट्टीऐवजी दोन सारख्या पट्ट्या लावल्याने प्रोसेसरला दोन वाटांनी माहिती मिळते. चार खाचांच्या बोर्डावर दोन रिकाम्या ठेवणे हा वाढीचा जुना मार्ग आहे. मात्र डीडीआर ५ मध्ये चारही खाचा भरल्यास वेग घटण्याचा संभव असतो, म्हणून पुरेशा क्षमतेची जोडी आरंभीच घेणे बरे, असा सल्ला दिला जातो. पण सल्ल्याला बाजार जुमानत नाही. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभ्या राहणाऱ्या डेटा सेंटरांची स्मृतिचिपांसाठीची भूक एवढी वाढली की घरगुती रॅमच्या किमती काही महिन्यांत दुपटीहून पुढे गेल्या, आणि मायक्रॉन कंपनीने त्या डिसेंबरात घरगुती गिऱ्हाइकांसाठीचा आपला 'क्रुशल' हा व्यवसाय आवरता घेण्याची घोषणा केली. २०२० नंतरच्या दोन वर्षांत ग्राफिक्स कार्डांची अशीच टंचाई झाली होती. तिच्यामागे महासाथ होती आणि आभासी चलनाचे उत्खननही होते. दूरच्या महाकाय यंत्रांची भूक रिची स्ट्रीटवरच्या ऐंशी हजारांना कशी कुरतडते, हे या दोन प्रसंगांनी दाखवले. अशा वेळी सुट्या भागांच्या यंत्राची एक मोठी सोय ध्यानात येते. महागलेला भाग तूर्त थोडा घ्यावा, बाकी यंत्र उभे करावे, आणि दिवस पालटण्याची वाट पाहावी. संपूर्ण बंदिस्त यंत्र घेणाऱ्याला ही सवड नसते.

वाढवता येणाऱ्या यंत्रातही काही गोष्टी कायमच्या असतात, हे विसरता कामा नये. ग्राफिक्स कार्ड बदलता येते, पण कार्डावरची स्मृती वाढवता येत नाही. ती त्यावर डाखलेली असते. आठ जीबीच्या आणि बारा किंवा सोळा जीबीच्या कार्डांत आज फारसा फरक दिसला नाही, तरी दोन-तीन वर्षांनी नव्या खेळांची चित्रे आठांत मावेनाशी झाल्यावर तो दिसतो. म्हणून कार्ड निवडताना वेगाबरोबर उदरही पाहावे लागते.

राहिले दोन उपेक्षित भाग. पहिला, वीज पुरवणारा डबा. बाजारात त्याला एसएमपीएस म्हणतात. त्याने खेळ वेगवान होत नाही, चित्र सुंदर होत नाही, मित्र त्याचे कौतुक करीत नाहीत. स्वस्त कॅबिनेटाबरोबर तो कधीकधी जवळजवळ फुकट मिळतो, आणि नवशिका तिथेच फसतो. हलक्या डब्याने दगा दिला तर तो एकटा जात नाही, कार्ड आणि बोर्ड यांनाही सोबत नेऊ शकतो. साडेसहाशे ते साडेसातशे वॉटचा, नावाजलेला डबा घेतला तर तो आजचे यंत्र सांभाळतो आणि उद्याच्या मोठ्या कार्डालाही पुरतो. डब्यावरची '८० प्लस'ची मोहोर विजेचा अपव्यय किती कमी आहे हे सांगते, इतर गुणांची हमी देत नाही, हेही लक्षात ठेवावे. दुसरा उपेक्षित भाग कॅबिनेट. चेन्नईचा मे महिना चाळीस अंशांच्या पलीकडे जातो आणि समुद्राची दमट, खारी हवा बारमाही असते. रंगीत दिव्यांच्या काचेच्या पेटीपेक्षा पुढे जाळी असलेली, वारा खेळता ठेवणारी पेटी इथे हितकर. अचानक जाणाऱ्या विजेसाठी यूपीएसचे पैसे आधीच वेगळे काढावेत, आणि पक्के बिल, भागांचे अनुक्रमांक व वॉरंटीची मुदत कागदावर घ्यावी. अनोळखी दुकानदाराला 'अण्णा' अशी हाक मारली की तमिळ आणि मराठी या दोन्ही घरांत ती थोरल्या माणसाचीच हाक असल्याने बोलणे सोपे होते; मात्र बिलाचे काम हाकेने भागत नाही.

या साऱ्या विवेचनात खर्चाचा एक विलक्षण नियम दिसतो. समंजस खरेदीदाराचे पैसे न दिसणाऱ्या भागांत अधिक निष्ठेने जातात : सॉकेटात, एसएमपीएसमध्ये, मोकळ्या खाचांत. रिकामी खाच विकत घेणे ही मोठी विचारपूर्वक केलेली गोष्ट आहे. आपली आजची ऐपत ही आपली शेवटची ऐपत नव्हे, हा विश्वास तीत असतो. आणि आज सर्व काही मिळालेच पाहिजे हा हट्ट सोडण्याची तयारीही असते. वडिलांनी ज्या पद्धतीने संसार केला, आधी दोन खोल्या आणि जिन्यासाठी जागा सोडून, तीच ही पद्धत आहे. तिला इंग्रजी नाव मिळाल्यामुळे बाप-लेकांना ती एकमेकांत ओळखू आली नाही, इतकेच.

अर्थात या पद्धतीलाही स्वतःचा मोह आहे. 'पुढे वाढवू' या शब्दांच्या आडून आज न परवडणारा बोर्ड गळ्यात पडतो. चार रिकाम्या खाचांचे पैसे दिले जातात, त्यांतील तीन कधीच भरल्या जात नाहीत. जिन्यासाठी सोडलेल्या जागेत कायम अडगळ साठलेली घरे आपल्याकडे थोडी नाहीत. भविष्याची तरतूद आणि भविष्याची चैन यांतील सीमारेषा पुसट असते. पुढची एक निश्चित पायरी डोळ्यांसमोर असेल तर ती तरतूद. नुसते 'असू द्यावे' असेल तर ती चैन.

उरतो वडिलांचा मूळ प्रश्न : खेळण्यासाठी? चेन्नई हे शहर या प्रश्नाला उत्तर देण्यास विशेष पात्र आहे. विश्वनाथन आनंद १९८८ मध्ये भारताचा पहिला ग्रँडमास्टर झाला तो याच शहराचा. २०२२ चे बुद्धिबळ ऑलिंपियाड जवळच्या मामल्लपुरमला झाले. आणि डिसेंबर २०२४ मध्ये अठराव्या वर्षी विश्वविजेता झालेला गुकेशही इथलाच. खेळ हा इथे वेळ दवडण्याचा पर्याय मानला जात नाही. पडद्यावरचे सर्वच खेळ बुद्धिबळाच्या योग्यतेचे आहेत असे कोणी म्हणणार नाही. सर्वच कादंबऱ्याही वाचनीय नसतात. पण दिवसभर दुसऱ्याच्या यंत्रावर दुसऱ्याचे काम करणाऱ्या तरुणाला रात्री एक यंत्र असे हवे असते, ज्याचा प्रत्येक भाग त्याने स्वतः विचार करून निवडला आहे. बिघडले तर उघडता येते, कळले नाही तर शिकता येते, असे ते यंत्र असते. आजची बहुतेक उपकरणे चिकटवलेली, सीलबंद येतात. ती मालकाच्या हाती असली तरी त्यांचे आयुष्य कारखान्याच्या हाती असते. चार स्क्रू सोडवून स्वतःचे यंत्र उघडता येणे, ही मालकीची उरलेली एक खरी खूण आहे.

'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन मिलिंद राजाला विचारतो की रथ म्हणजे नेमके काय : चाक, आस, की जू? राजाला कबूल करावे लागते की यांतील कोणताही एक भाग रथ नव्हे. सहा-सात वर्षांनी या तरुणाच्या यंत्रातही कदाचित पेटी आणि एसएमपीएस एवढेच मूळचे उरेल. तरीही तो त्याला 'माझा तोच संगणक' म्हणेल, आणि त्याचे म्हणणे खोटे नसेल. काढलेले जुने कार्ड तोवर रिची स्ट्रीटच्याच एखाद्या गल्लीत दुसऱ्या हाती गेलेले असेल. बारा-पंधरा हजारांच्या अंदाजपत्रकात पहिले यंत्र जुळवू पाहणारा कोणी विद्यार्थी ते उलटेपालटे करून पाहील, पंखा बोटाने फिरवील, आणि आपल्या बोर्डाच्या खाचेत ते बसते की नाही, हे दुकानदाराला विचारील.